घडी कोण घालतं?

स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून द्यावी, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा नेहमीचे विषय डोळ्यांसमोर उभे राहिले. शाळेचे पहिले पत्र्याचे वर्ग, पहिली तुकडी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचे पाणी सायखेड्यात शिरले ते दिवस. या साऱ्यांवर आमच्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारी मंडळी आहेत. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही आज लिहिणार आहोत ते काही अतिसूक्ष्म कणांविषयी, आणि त्यांच्या निमित्ताने एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारलेल्या प्रश्नाविषयी. त्या प्रश्नाला आम्ही त्या संध्याकाळी जे उत्तर दिले, त्याची लाज आम्हांला पुढे बरेच दिवस वाटत राहिली.

काही वर्षांपूर्वीचा जानेवारी महिना. वंदना आटोपून मुले अभ्यासिकेत बसली होती. विज्ञानाचे सर रजेवर असल्याने तो तास आमच्याकडे आला. सकाळीच वसतिगृहाच्या अधीक्षकांनी गोधड्यांच्या घड्या नीट न घातल्याबद्दल आठवीच्या मुलांना फैलावर घेतले होते, त्यामुळे मुलांचे चेहरे पडलेले. विज्ञानाच्या सरांनी फलकावर वर्तमानपत्राचे एक कात्रण लावून ठेवले होते. स्वतःची घडी स्वतःच घालून घेणाऱ्या बहुवारिकांच्या नॅनोकणांविषयीचे. बहुवारिक म्हणजे पॉलिमर. आम्ही ते मोठ्याने वाचून दाखवले. शीर्षक ऐकताच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मग आमच्या गोधड्यांनाही शिकवा ना!" वर्ग हसला, आम्हीही हसलो.

हशा ओसरल्यावर सुरगाण्याकडचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तो फारसा बोलत नसे. तो म्हणाला, "पण सर, घडी घालतं कोण?"

आम्ही म्हणालो, "निसर्ग."

तो क्षणभर थांबला. मग अगदी साध्या सुरात विचारता झाला, "निसर्ग म्हणजे कोण?"

घंटा झाली, म्हणून आम्ही सुटलो. पण त्या रात्री झोप लागली नाही. सृष्टीला कर्ता मानण्याची गरज नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी ईश्वरकर्तृत्वाच्या कल्पनेची जी चिकित्सा केली आहे, ती आम्ही किती वेळा वाचली आणि वाचून दाखवली याची गणती नाही. आणि प्रत्यक्ष प्रश्न समोर येताच आम्ही काय केले? देवाच्या जागी निसर्ग हा शब्द ठेवून मोकळे झालो. मुलाने ते बरोबर पकडले होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही या विषयाचे विद्यार्थी झालो. विज्ञानाच्या सरांनी पुस्तके दिली, समजावून सांगितले, आमच्या चुकांवर हसलेही. जे समजले ते असे.

बहुवारिक म्हणजे लहान लहान रेणू एकामागे एक ओवून झालेली लांब माळ. सूत, रबर, प्लॅस्टिक, आपल्या शरीरातील प्रथिने या साऱ्या अशाच माळा. एवढे लांब रेणू असू शकतात, हे १९२० साली हेरमान श्टाउडिंगर यांनी मांडले तेव्हा अनेक नामवंत रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नाही. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले १९५३ साली. इतिहासाच्या माणसाला ही तेहतीस वर्षे रेणूपेक्षाही अधिक काही सांगून जातात. पण ते असो.

आता अशी माळ कल्पावी की जिच्यात दोन जातींचे मणी आहेत. (जात हा शब्द येथे नाइलाजाने वापरला, मुलांसमोर आम्ही 'प्रकार' म्हटले.) काही मणी पाण्याशी जुळणारे, काही तेलकट. ही माळ पाण्यात सोडली की तेलकट मणी एकमेकांजवळ येऊन आत जमतात, पाण्याशी जुळणारे मणी बाहेरच्या अंगाला राहतात. सरळसोट धाग्याचा एक इवलासा गोळा होतो. हाच तो नॅनोकण. असे कण साधारणपणे पाच ते वीस नॅनोमीटर आकाराचे असतात, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

मग तेलकट मण्यांना एकत्र कोण आणते? आम्हांला वाटले होते, त्यांना एकमेकांची ओढ असावी. सरांनी मान हलवली. रविवारच्या रश्श्याचे पातेले दाखवून ते म्हणाले, या तवंगाकडे पाहा. चमच्याने दोन थेंब जवळ आणले की ते एक होतात आणि पुन्हा वेगळे होत नाहीत. यात तेलाच्या ओढीपेक्षा पाण्याचा वाटा मोठा. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून असतात. ते हात सतत सुटतात, सतत नव्याने धरले जातात. मध्ये तेलाचा कण आला की त्याच्याभोवतीच्या पाण्याला हात धरायला जागा उरत नाही. त्याला विशिष्ट मांडणीत अवघडून उभे राहावे लागते. तेलाचे दोन कण एकत्र आले की त्यांचा पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कमी होतो, आणि अवघडलेल्या पाण्यापैकी काही पुन्हा मोकळे होते. पाण्याच्या या मोकळे होण्यातून घडी पडते.

पाण्यावर आम्ही एरवी बोलतो ते महाडच्या संदर्भात, २० मार्च १९२७ च्या संदर्भात. नाशिकची माणसे असल्याने रामकुंडाच्या संदर्भातही. कोणी कोणत्या पाण्याला शिवावे, याचा तो इतिहास. पाणी स्वतः काय करते, याचा विचार आयुष्यात प्रथमच केला, तोही रश्श्याच्या पातेल्याशी उभे राहून.

मग घडी पाणी घालते, असे म्हणावे काय? तेही पुरते खरे नाही. मण्यांचा क्रम वेगळा असता तर तेच पाणी वेगळी घडी घालते. पाणी तेच, माळ तीच, पण त्यात युरिया मिसळला तर घडी उलगडते. हा प्रयोग अमेरिकेत क्रिस्चन अन्फिन्सन यांनी एका प्रथिनावर केला. १२४ मण्यांचे ते प्रथिन. भरपूर युरिया घालून, आणि आतले चार रासायनिक टाके एका दुसऱ्या द्रव्याने तोडून, त्यांनी त्याची घडी पार विस्कटली; प्रथिनाचे काम थांबले. मग युरिया काढून टाकला. हळूहळू तीच घडी पुन्हा पडली आणि काम पुन्हा सुरू झाले. या संशोधनासाठी त्यांना १९७२ साली नोबेल मिळाले. आपण कांद्याला आणि गव्हाला टाकतो तोच हा युरिया, असे सांगितल्यावर आठवीच्या वर्गात जी कुजबुज झाली, ती आमच्या कोणत्याही इतिहासाच्या तासाला झालेली नाही. एकाने विचारले, "मग उकडलेलं अंडं गार केलं की परत कच्चं का होत नाही?" चांगला प्रश्न. अंड्याच्या पांढऱ्यात प्रथिनांच्या माळा दाटीने भरलेल्या असतात. उष्णतेने त्या उलगडतात आणि स्वतःत परत मिटण्याऐवजी शेजारच्या माळेत गुंततात. एकदा गुंता झाला की मूळ घडीकडे वाट उरत नाही.

हा अंड्याचा गुंता हीच नॅनोकण बनवणाऱ्यांचीही अडचण आहे. प्रत्येक माळेने आपल्यापुरते मिटावे, शेजारणीला चिकटू नये, यासाठी त्यांना माळा पुष्कळ पाण्यात विरळ सोडाव्या लागतात, नाहीतर बाहेरच्या मण्यांची योजना फार विचाराने करावी लागते. शिवाय माणसाने केलेल्या माळेत मण्यांचा क्रम प्रथिनाइतका काटेकोर नसतो. दोन माळा अगदी सारख्या नसतात, म्हणून त्यांच्या घड्याही हुबेहूब सारख्या नसतात. प्रथिनांची घडी समजून घेण्यातच विज्ञानाचे अर्धशतक गेले. मद्रासला गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रथिनाची माळ कोणत्या कोनांत वळू शकते याचा नकाशा मांडला, आणि केवळ मण्यांच्या क्रमावरून घडी ओळखणाऱ्या संगणकीय पद्धतीला नोबेलचा वाटा मिळाला तो २०२४ साली.

या घडीचा उपयोग काय, हे पालक नेहमी विचारतात, आणि त्यांनी ते विचारलेच पाहिजे. घडीच्या आत जो कोरडा, तेलकट खिसा तयार होतो, त्यात पाण्यात न विरघळणारे औषध ठेवता येते. त्या खिशात एखाद्या धातूचा अणू बसवला तर एरवी पाण्यात नीट न होणारी रासायनिक क्रिया त्या खिशात होते. २०११ साली नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे रुथेनियम धातू बसवून हे करून दाखवण्यात आले. पुढे अमेरिकेतील इलिनॉय येथे तांबे बसवलेल्या अशा कणांनी जिवंत पेशीच्या आतही क्रिया घडवून आणली. म्हणजे औषध बाहेर बनवून शरीरात सोडण्याऐवजी जेथे हवे तेथेच ते जुळवावे, अशी आशा. कणाचा आकारही महत्त्वाचा. पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडतात, मोठे मागे राहतात. मागे राहिलेल्यांचे पुढे काय, हा प्रश्न मोठा आहे. प्लॅस्टिकसुद्धा एके काळी केवळ उपयोगाचीच वस्तू होती, आणि आज पुरानंतर गोदाकाठच्या बाभळींना काय लटकते ते सायखेडेकरांना सांगायला नको. या कणांचे बहुतेक काम अजून प्रयोगशाळेतच आहे, आणि औषधांच्या दुकानापर्यंतचा रस्ता लांब आहे.

आपल्या महाराष्ट्रात असे काही होते काय, हे शोधताना आम्ही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचलो. १९५० साली सुरू झालेली ही संस्था. तेथे डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुवारिकांच्या जेलवर काम केले. स्वतःहून आकार घेणाऱ्या जेलविषयीचा त्यांचा निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला. हे जेल म्हणजे नॅनोकण नव्हेत, ते हातात धरता येतात. पण तत्त्व शेजारचे आहे. त्या गटातील श्यानी वर्गीस पुढे कॅलिफोर्नियात गेल्या आणि २०१२ साली त्यांच्या गटाने असा जेल दाखवला की त्याचे दोन तुकडे आम्लात एकमेकांना टेकवले की काही सेकंदांत सांधले जातात. जठरातले छिद्र बुजवायला तो उपयोगी पडावा, अशी त्यांची कल्पना. त्याच्या माळेला बाजूने लोंबते हात असतात. ते फार आखूड असले तर समोरच्यापर्यंत पोहोचत नाहीत, फार लांब असले तर आपसांतच गुरफटतात.

माशेलकरांचे बालपण गरिबीत, मुंबईत अनवाणी गेले, रस्त्यावरच्या दिव्याखाली त्यांनी अभ्यास केला, हे मुलांना ठाऊक असते. स्नेहसंमेलनातले प्रत्येक दुसरे भाषण त्यावर असते. आम्हांला अशा कथा ऐकताना थोडी चीडही येते. पोराला अभ्यासाला रस्त्यावरचा दिवा लागावा, यात गौरव करण्यासारखे काय आहे? आम्हांला त्यांच्या आयुष्यातला दुसरा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. गिरगावच्या शाळेत भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन भिंगाने कागद जाळून दाखवला, हा प्रसंग माशेलकरांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. सरांजवळ एक भिंग होते आणि मुलांना वर्गाबाहेर नेण्याची इच्छा होती. आमच्याजवळ त्या संध्याकाळी रश्श्याचे पातेलेही होते. आम्ही 'निसर्ग' म्हणून हात झटकले.

आता त्या मुलाविषयी. हे लिहावे की नाही याचा आम्ही बराच विचार केला. त्याला विचारले, नाव न घालता लिहा, असे तो म्हणाला.

त्या प्रश्नाच्या आधीच्या हिवाळ्यात त्याच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली. निफाड तालुक्याची थंडी प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी बहुतेक हिवाळ्यांत येते. अशाच एका पहाटे कवायतीला हा मुलगा मध्येच खाली बसला. पाय दुखतात म्हणाला. आम्ही त्याला कामचुकार म्हटले आणि उभे राहायला लावले. तो उभा राहिला. दुपारी त्याला तापाने आणि वेदनेने दवाखान्यात न्यावे लागले. पुढे रक्ततपासणीत सिकलसेल निघाला. थंडी आणि पाणी कमी पिणे, या दोन्हींनी त्या आजाराच्या वेदना उसळतात, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असायला हवे होते. आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे, विदर्भात आपल्या समाजातही आहे, आणि निवासी शाळेत या दोन्ही घरांची मुले असतात.

घडीचा विषय शिकता शिकता आमच्या लक्षात आले की सिकलसेल हीसुद्धा माळेचीच गोष्ट आहे. रक्तातील हिमोग्लोबिन चार माळांचे असते. त्यांतील दोन माळा प्रत्येकी १४६ मण्यांच्या. या माळेतला सहावा मणी पाण्याशी जुळणारा असतो. सिकलसेलमध्ये त्या जागी तेलकट मणी येतो. हा एकच फरक व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५६ साली शोधला. घडी जवळजवळ तशीच पडते. पण तो एक तेलकट मणी बाहेरच्या अंगाला राहतो. प्राणवायू देऊन झाला की शेजारच्या हिमोग्लोबिनमधील एका खाचेत तो जाऊन बसतो, त्याला तिसरे चिकटते, तिसऱ्याला चौथे, आणि लांब काड्या तयार होऊन गोल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. वेदना तेथून येते. रश्श्यातल्या दोन थेंबांची आणि त्या पहाटेच्या वेदनेची जात एकच.

आम्ही हे त्या मुलाला एकट्याला बसवून सांगितले. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "घरी म्हणतात, कोणीतरी करणी केली. आजी म्हणते, देव कोपला. तुम्ही त्या दिवशी निसर्ग म्हणालात, तेव्हा मला वाटलं, ह्योच का त्यो."

त्याचा प्रश्न कात्रणातल्या कणांविषयी नव्हताच. ज्याने घडी घातली, त्यानेच आपली घडी बिघडवली असणार. तर तो कोण, आणि त्याने माझीच का बिघडवली, हे त्याला हवे होते.

तेव्हा आम्ही फळ्यावर पुन्हा सुरुवात केली. आई आणि वडील, दोघांकडेही या माळेचा एकेक बदललेला आराखडा होता. त्यांना स्वतःला त्रास नव्हता, म्हणून कळलेही नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता असते. मग इतक्या घरांत हा बदल टिकला कसा? १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून दाखवले की ज्यांच्याकडे असा एकच आराखडा असतो, त्यांना हिवतापाच्या जीवघेण्या रूपापासून काहीसे संरक्षण मिळते. डासांच्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांत तो म्हणून टिकला. येथे आमचा विषय आला. ज्यांची कागदपत्रे नाहीत, ज्यांच्या वंशावळी कोणी लिहिल्या नाहीत, त्यांच्या पूर्वजांनी कोणत्या रानात, कोणत्या तापाशी झुंजत दिवस काढले, याचा दाखला त्या सहाव्या मण्यात आहे. "म्हणजे कोणी केलं नाही?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "कोणी नाही. तुझ्या आईनं नाही, बापानं नाही, तू तर नाहीच." यावर तो काही बोलला नाही. फळ्यावरचा तो मणी मात्र बराच वेळ बघत राहिला.

येथे एक सांगणे आवश्यक वाटते. हा तास झाल्यावर एका उत्साही सहकाऱ्याने सुचवले की, पटिच्चसमुप्पाद म्हणजे हेच. बुद्धांनी रेणूंचे विज्ञान अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले, असे फलकावर लिहावे. आम्ही नम्रपणे नकार दिला. कारणे जुळली की कार्य घडते, त्यासाठी वेगळा कर्ता लागत नाही, ही दृष्टी तथागतांनी दिली. त्या दृष्टीने पाहिल्यामुळेच मुलाचा प्रश्न आम्हांला टोचला. पण मणी मोजले ते इंग्रॅम यांनी, युरिया घालून पाहिला तो अन्फिन्सन यांनी. पुराणात विमाने शोधणाऱ्यांना आपण हसतो. तोच उद्योग आपल्या ग्रंथांत करू लागलो तर त्यांना हसण्याचा अधिकार आपण गमावला.

त्या वर्षापासून आमच्याकडे हिवाळ्यातली कवायत ऊन आल्यावर होते. पाण्याच्या बाटल्या वर्गात ठेवायला परवानगी आहे. प्रवेशाच्या वेळी पालकांच्या संमतीने तपासणीची विचारणा होते. हायड्रॉक्सीयुरिया नावाचे औषध अशा अनेक रुग्णांना दिले जाते; त्यालाही ते सुरू झाले आणि वेदनेचे दिवस कमी झाले. औषधाच्या नावातला युरिया पाहून त्याने डोळे मोठे केले होते, तेव्हा हा वेगळा, शेतातला नव्हे, हे समजावण्यात अर्धा तास गेला.

तो आता नाशिकला औषधनिर्माणशास्त्र शिकतो आहे. गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्याला आला तेव्हा आम्ही आठवीच्या नव्या वर्गाला हाच पाठ देत होतो. इतिहासाच्या तासाला आम्ही तो आता दरवर्षी घेतो, आणि विज्ञानाच्या सरांनी त्याला हरकत घेतलेली नाही. आम्ही फळ्यावर माळ काढून सहाव्या मण्याभोवती गोल केला. दाराशी उभा राहून तो म्हणाला, "सर, आता सातवा म्हणतात." आम्ही खडू त्याच्या हाती दिला. माळ तयार होताना सुरुवातीला एक मणी असतो, तो पुढे गळून पडतो. जुन्या मोजणीत तो धरत नसत, नव्या मोजणीत धरतात, असे त्याने मुलांना सांगितले, आणि आमच्या माळेच्या आधी तुटक रेषेने तो गळलेला मणी काढला. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "दादा, तो गळतो कशानं?" तो खडू हातात धरून थोडा विचारात पडला आणि मग फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात नवी आकृती काढू लागला.